आधी चूल पाहा, मग शहर

बँकॉकच्या यावरात रस्त्यावर दुपारी दोनला उतरलात तर सोन्याची दुकानं, औषधी मुळ्यांच्या वखारी आणि अंगाची काहिली करणारं ऊन एवढंच पदरी पडेल. संध्याकाळी साडेसहाला त्याच फुटपाथवर कढया तापलेल्या असतात, प्लास्टिकची स्टुलं रस्त्यापर्यंत आलेली असतात आणि चालायला जागा नसते. पुण्यात पाहुण्यांना मिसळ खाऊ घालायची तर आपण त्यांना सकाळीच बाहेर काढतो, कारण उशीर झाला की चांगला कट संपतो हे आपल्याला ठाऊक असतं. परक्या शहराचंही असंच वेळापत्रक असतं, फक्त ते आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून निघणाऱ्यांचे बेत बहुधा उलटे आखलेले असतात. आधी 'पॉइंट' मोजायचे आणि जेवण मध्ये कुठेतरी कोंबायचं. दुपारी एकला भारतीय हॉटेल गाठायचं ठरवलं की बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन दोन तास जातात. सोबत महाराज घेऊन जाणाऱ्या सहली ज्येष्ठांसाठी खरोखर सोयीच्या असतात. गुडघे दुखत असताना वरण-भात वेळेवर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण ज्यांना स्वतःच्या पायांनी फिरायचंय त्यांनी कागदावर सगळ्यात आधी त्या शहराच्या चुलीच्या वेळा लिहाव्यात. न्याहारी किती वाजता संपते, दुपारचं जेवण कधी, रात्रीचा बाजार कोणत्या वारी बंद. देवळं आणि राजवाडे मधल्या जागांत आपोआप बसतात.

यात पहिला गोंधळ घड्याळाचा होतो. बँकॉक आणि हनोई आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत, सिंगापूर आणि मलेशियातलं पेनांग अडीच तास. पुण्यातलं पोट रात्री नऊला जेवायला मागतं, तेव्हा सिंगापूरमध्ये साडेअकरा वाजलेले असतात आणि हॉकर सेंटरमधले, म्हणजे एका छपराखालच्या खाद्यबाजारातले, बहुतेक गाळे धुऊनपुसून बंद झालेले असतात. म्हणून पहिल्या दिवशी भूक नसली तरी तिथल्या सातला जेवून घ्यावं. दुसऱ्या दिवसापासून पोट वळणावर येतं.

दुसरा गोंधळ शाकाहाराचा, आणि तो जास्त खोल आहे. 'नो मीट, नो फिश' एवढं सांगून भागत नाही. समोरचा माणूस मनापासून मान डोलावतो, मांसाचे तुकडे घालत नाही आणि त्याच्या मते काम झालेलं असतं. त्याऐवजी आपल्याच स्वयंपाकघराच्या भाषेत विचार करावा: वाटणात काय गेलंय आणि वरून काय पडतंय? वरून पडणारं थांबवता येतं, वाटणात गेलेलं कुणालाच काढता येत नाही. थाई हिरवी करी चिकनशिवाय मिळेल, पण तिच्या वाटणात 'कापी' असते, म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या जवळ्याचा गोळा. मलेशिया-सिंगापूरच्या सांबाल नावाच्या मिरचीच्या चटणीत तोच प्रकार 'बेलाचान' या नावाने असतो. व्हिएतनामचा 'फो' म्हणजे हाडं तासन्‌तास उकळून काढलेल्या पाण्यातले तांदळाचे नूडल. त्यातून मांस वगळलं तरी पाणी तेच. सिंगापूरचा चिकन राइस पाहून 'नुसता भात द्या' म्हणावंसं वाटतं, पण तो भातच कोंबडीच्या चरबीवर परतून तिच्या रश्शात शिजवलेला असतो. जपानमध्ये उदोन या जाड नूडलच्या साध्या दिसणाऱ्या पाण्यातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो.

याउलट थायलंडचं 'सोम ताम', म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, पाहा. मातीचा उंच खल आणि लाकडी बत्ता. आधी लसूण आणि मिरच्या ठेचतात, मग ताडगूळ, चवळीच्या लांब शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे, लिंबू, आणि शेवटी कच्च्या पपईचा कीस. हा कीस कुटत नाहीत. एका हातातल्या चमच्याने खालून वर करत दुसऱ्या हाताने बत्ता हलकाच मारतात, म्हणजे रस आत शिरतो पण कुरकुरीतपणा जात नाही. आंबट, गोड, तिखट आणि शेंगदाणा, म्हणजे आपल्या खमंग काकडीच्या फार जवळची चव. यात फिश सॉस आणि सुका जवळा हे दोन्ही प्रत्येक ऑर्डरला समोरच पडतं, म्हणून थांबवता येतं. 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस नको, 'माय साय कुंग हेंग' म्हणजे सुकी कोळंबी नको. अडचण एवढीच की खल तोच असतो आणि आधीच्या ऑर्डरचं त्याला लागलेलं असतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी 'जे' पाटीच्या दुकानातच जावं.

ही पाटी ओळखायला सोपी आहे: पिवळ्या कापडावर किंवा फलकावर लाल अक्षर, आणि ते अक्षर इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसतं. 'जे' म्हणजे चिनी-बौद्ध पद्धतीचा कडक शाकाहार. मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्यांना हे जेवण निर्धास्त खाता येईल. जैन घरातल्या लोकांनी मात्र विचारून घ्यावं, कारण बटाटा-गाजरासारखी कंदमुळं त्यात असतात. 'मांगसविरत' हा दुसरा शब्द ऐकू येईल. तो साध्या शाकाहाराचा, त्यात अंडं असू शकतं.

आता एक गोष्ट जी प्रवासाच्या पुस्तिकांमध्ये क्वचित दिसते. घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका या शहरांत उपयोगी पडते. चिनी आणि व्हिएतनामी महिना अमावास्येच्या सुमारास सुरू होतो. त्या महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी, म्हणजे आपली अमावास्या आणि पौर्णिमा, एखाद्या दिवसाच्या फरकाने. या दोन दिवशी अनेक कुटुंबं शाकाहार पाळतात. हनोईत आणि सिंगापूरच्या चिनी वस्तीत त्या दिवशी शाकाहारी खाणावळी भरून वाहतात, देवळांत उदबत्त्यांचा धूर दाटतो. शाकाहारी माणसाने मुक्कामातला निदान एक दिवस असा पकडावा, फक्त जेवायला साडेअकराच्या आत पोचावं. थायलंडचा शाकाहार उत्सव चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत असतो, आणि म्हणून बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्राच्याच दिवसांत येतो. २०२३ आणि २०२४ मध्ये तसंच झालं. दोन्हीकडचा अधिक महिना वेगवेगळ्या वेळी आला की मात्र महिन्याभराचं अंतर पडतं; २०२५ मध्ये आपलं नवरात्र २२ सप्टेंबरला बसलं आणि तिकडचा उत्सव ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आला. त्या नऊ दिवसांत यावरातवर पिवळे झेंडे लागतात आणि एरवी मांसाहारी असलेले गाळेही 'जे' होतात. शाकाहारी पुणेकराने बँकॉकला जायची याहून चांगली वेळ नाही.

हीच दिनदर्शिका एक धोकाही दाखवते. जानेवारी-फेब्रुवारीतल्या ज्या अमावास्येला चिनी नवं वर्ष लागतं, त्याच्या आसपास सिंगापूर, पेनांग आणि विशेषतः हनोईतली घरगुती दुकानं दिवसेंदिवस बंद असतात. हनोईत या सणाला 'तेत' म्हणतात आणि माणसं गावी जातात. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून त्या आठवड्यात गेलात तर सजावट दिसेल, पण खायला मिळणार नाही.

बँकॉकचा एक दिवस असा लावावा. राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते. तिकीट ५०० बाट. दहानंतर सहलींच्या बस येतात आणि अकरानंतर अंगणातला दगड तापतो, म्हणून साडेआठला दारात असणं हाच उपाय. बीटीएस या उंचावरून धावणाऱ्या मेट्रोने सफान ताक्सिन स्टेशनला उतरावं, खालीच धक्का आहे, तिथून केशरी झेंड्याची बोट धरून था चांग धक्क्यावर उतरावं. भाडं १६ बाट. सफान ताक्सिनच्याच धक्क्यावर निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट असते, तिचं तिकीट वेगळं आणि महाग, आणि तिचीच खिडकी आधी डोळ्यांत भरते. भरतीच्या पाण्यासारखी गर्दी येते, बोट मिनिटभरही थांबत नाही, तेव्हा उतरायच्या आधीच दाराशी यावं.

राजवाड्याबाहेर इस्त्रीच्या शर्टातला एखादा गृहस्थ फार अदबीने सांगेल, की आज पूजा आहे, दुपारनंतर उघडेल, तोवर वीस बाटमध्ये रिक्षाने दुसरी देवळं दाखवतो. ती रिक्षा रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात जाते. राजवाडा उघडा आहे की नाही हे फक्त तिकीट खिडकीवर विचारावं. कपड्यांचा नियमही कडक आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बिनबाह्यांच्या कपड्यांवर नुसती ओढणी टाकून चालेलच असं नाही. साधा कुर्ता आणि सैल सुती पँट सगळ्यात बरी.

आत पाचूचा बुद्ध म्हणून जी मूर्ती प्रसिद्ध आहे ती ६६ सेंटिमीटर उंचीची, अखंड हिरव्या दगडातली आणि फार उंचावर बसवलेली आहे. भव्य काही बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. तिची वस्त्रं वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि थंडी सुरू होताना स्वतः राजा बदलतो. आपल्या माणसाने जास्त वेळ द्यावा तो भोवतीच्या ओवऱ्यांतल्या भित्तिचित्रांना. १७८ चित्रांत अख्खं रामायण, म्हणजे थाई 'रामाकियन' रंगवलं आहे. प्रदक्षिणेच्या दिशेने चालत गेलं की कथा क्रमाने उलगडते. मारुती पांढरा आहे, आणि आपला ब्रह्मचारी मारुती तिथे मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. जिलब्या, डुल्या, भिकारदास अशी मारुतीची एवढी रूपं सांभाळणाऱ्या पुण्याच्या माणसाला हे आणखी एक रूप बघताना पाय निघत नाही. बहुतेक गट मात्र या ओवऱ्यांत पाच मिनिटंही थांबत नाहीत.

तिथून दहा मिनिटं चालत 'वाट फो' (थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ). निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. मुखापाशी फोटोसाठी खोळंबलेली रांग सोडून पायांकडे जावं. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं कोरलेली आहेत. वाट अरुण नदीच्या पलीकडे. था तिएन धक्क्यावरून पाच बाटची होडी तिथे नेते. त्याच्या शिखरावर चिनी मातीच्या बशांचे तुकडे जडवलेत, चीनहून येणाऱ्या जहाजांत वजन म्हणून भरून आणलेल्या भांड्यांचे. इथे बहुतेकांची चूक होते ती सूर्यास्ताची. सूर्य वाट अरुणच्या मागे मावळतो, म्हणजे ते दृश्य वाट अरुणमधून दिसत नाही, अलीकडच्या काठावरून दिसतं. चारला पलीकडे जावं, पायऱ्या चढून घ्याव्यात (फार उभ्या आहेत, उतरताना कठडा धरून आडवं पाऊल टाकावं), आणि साडेपाचला अलीकडे परतावं.

बारा ते चार या वेळात बँकॉकमध्ये देऊळ करू नये. खोलीवर जावं किंवा एखाद्या मॉलच्या तळघरातल्या फूड कोर्टमध्ये जेवावं. तिथे चित्रांवर बोट ठेवून मागता येतं आणि 'जे' गाळा बहुधा सापडतो.

मग संध्याकाळी यावरात. मेट्रोचं वाट मांगकॉन स्टेशन, सोमवार सोडून कोणताही वार. सोमवारी पुष्कळ गाडे नसतात. मांसाहारींनी मिरीच्या पांढऱ्या रश्शातले गुंडाळलेले जाड नूडल, 'कुएय जाप', खावेत. ते डुकराचं असतं हे आधी माहीत असावं. कालवांचं ऑम्लेटही इथलं खास. शाकाहारींनी 'बुआ लोय नाम खिंग' शोधावं. तांदळाच्या पिठाच्या मऊ गोळ्या, आत काळ्या तिळाचं गोड सारण, आणि वर आल्याचा झणझणीत गरम काढा. उकडीच्या मोदकाची पारी जरा चिकट करून तिळाच्या सारणाने भरली तर काय होईल, तसं काहीसं. गोळी आख्खी तोंडात टाकू नये, आतलं सारण तोंड भाजतं.

मे महिन्यात जाणाऱ्यांना उकाड्याचा मोबदला आंब्यात मिळतो. 'खाओ नियाओ मामुआंग', म्हणजे चिकट भात आणि आंबा. आंबा 'नाम डोक माय' जातीचा, लांबट, रेषा नसलेला, हापूसपेक्षा सौम्य वासाचा. भात बांबूच्या टोपलीत वाफवतात, गरम असतानाच त्यात साखर-मीठ घातलेलं नारळाचं दूध मिसळून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवतात, म्हणजे दाणा दूध पितो पण फुटत नाही. वरून दाट, किंचित खारट नारळाची साय आणि कुरकुरीत मुगाची डाळ. ते मीठ मुद्दाम असतं, चुकून पडलेलं नसतं. त्याच्याविना आंब्याची गोडी उघडत नाही. भात कडक आणि गार लागला तर तो सकाळचा आहे, दुसरीकडे जावं. हंगाम एप्रिल-मे. डिसेंबरातही मिळतं, पण ती चव नाही.

सिंगापूरची हॉकर संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि ते योग्यच झालं. स्वच्छ, स्वस्त आणि प्रत्येक गाळ्याला एकच पदार्थ वर्षानुवर्षं. तिथले अलिखित नियम आधी कळले तर बरं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ते कुणी विसरलेलं नसतं, जागा धरलेली असते. आपल्या एसटीच्या सीटवरच्या रुमालाचंच काम ते करतं. त्याला 'चोप' म्हणतात. जेवून झालं की ताट-वाट्या ठरलेल्या रॅकवर स्वतः नेऊन ठेवायच्या. २०२१ पासून हा कायद्याचा भाग आहे, दंड होऊ शकतो. साडेबारा ते दीड ऑफिसांची गर्दी असते, म्हणून जेवण साडेअकराला. हॉकर सेंटरमध्ये पाटीवरची किंमत तीच द्यायची; एसी रेस्तराँत मात्र किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं असतात, म्हणजे १० टक्के सेवा आकार आणि त्यावर ९ टक्के कर. वीस डॉलरचं जेवण चोवीसच्या घरात जातं ते यामुळे.

चहा-कॉफी मागणं हीदेखील इथली एक भाषा आहे. 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी येते. 'कोपी ओ' बिनदुधाची पण साखरेची, 'कोपी सी' बिनसाखरेचं आटवलेलं दूध आणि वेगळी साखर घातलेली. 'कोसोंग' जोडलं की साखर शून्य, 'सिऊ दाय' म्हणजे गोड कमी, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. मधुमेहींनी 'कोपी सी कोसोंग' एवढं पाठ करावं. आपल्या अमृततुल्याची आठवण आली तर 'ते हालिया' मागावा: तो आल्याचा चहा आहे, आणि 'सिऊ दाय' म्हटलं तर गोडीही आपल्या जिभेला झेपते.

शाकाहारींसाठी सिंगापूरमधली माझी पहिली पसंती लिटल इंडिया नाही, वॉटर्लू स्ट्रीट आहे. क्वान इम देवीचं देऊळ आणि त्याच्याच शेजारी श्रीकृष्णाचं देऊळ. चिनी भाविक देवीला उदबत्ती लावून तशीच कृष्णालाही लावतात. हे दृश्य सकाळी नऊच्या सुमारास पाहावं. तिथून दोन मिनिटांवर फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत आहे, तिच्या मजल्यांवर शाकाहारी खाणावळींची दाटी आहे. अमावास्या-पौर्णिमेला तिथे बसायला जागा मिळत नाही.

चायनाटाउनमध्ये श्री मरिअम्मन देऊळ १८२७ चं, दुपारी बंद असतं, म्हणून ते सकाळीच करावं. मॅक्सवेल फूड सेंटर तिथून चालत पाच मिनिटं. जवळच्या तेलोक आयर स्ट्रीटवरचं थियन हॉक केंग देऊळ १८४२ मध्ये पुरं झालं. तेव्हा समुद्र या रस्त्याला लागून होता आणि गलबतातून उतरलेला माणूस आधी या समुद्रदेवीच्या पाया पडायचा. आता समुद्र मैलभर मागे हटवलाय. संध्याकाळी गार्डन्स बाय द बेमधला झाडांचा प्रकाशखेळ पावणेआठ आणि पावणेनऊला, फुकट. पहिला पाहून 'लाओ पा सात' या हॉकर सेंटरकडे 'साताय'साठी, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसासाठी, जावं, कारण त्या बाजूचा रस्ता संध्याकाळी सातनंतर वाहनांना बंद होतो आणि कोळशाच्या शेगड्या तेव्हाच लागतात.

सिंगापूरची बॅग भरताना एक गोष्ट पुण्याच्या माणसाने विशेष जपावी. तिकडे खसखस अमली पदार्थांच्या नियमांत अडकते. आपल्या भाकरवडीच्या सारणात खसखस असते, अनारशांवर ती थापलेली असते, आणि नातेवाइकांसाठी नेमकं हेच न्यायची आपल्याला सवय. चिवडा, चकली, मेतकूट, गूळपोळी न्यावी (पोळीच्या सारणात खसखस नाही ना, एवढं आईला किंवा काकूला विचारून). सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही विमानात नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलामुळे त्या ज्वालाग्राही धरल्या जातात. च्युइंग गम आणि व्हेप सिंगापूरला नेऊच नये. व्हेपला थायलंडमध्येही बंदी आहे.

पेनांगबद्दल थोडक्यात. जॉर्ज टाउन हे २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथल्या एकाच रस्त्यावर चर्च, चिनी देवीचं देऊळ, मरिअम्मन आणि कपितान केलिंग मशीद ओळीने येतात. अर्ध्या दिवसात चालून होतं. पण मासे खाणाऱ्या मराठी माणसाने पेनांगला जावं ते 'आसाम लाक्सा'साठी. बांगडा उकडून, काटे काढून, कुस्करून चिंचेच्या आंबट पाण्यात शिजवतात. त्यात तांदळाचे जाड नूडल, वर काकडी, कांदा, अननस, पुदिना आणि कोळंबीची काळी गोडसर चटणी. बांगड्याचं तिखलं आणि चिंचेचं सार एका भांड्यात आल्यासारखं. इथे नारळाचं दूध नसतं. ते हवं असेल तर 'लाक्सा लेमाक' हा वेगळा प्रकार आहे, आणि नुसतं 'लाक्सा' म्हटलं की गोंधळ होतो.

निघण्याआधीच्या कागदांत दोन गोष्टी अडकवतात. थायलंड, सिंगापूर आणि मलेशिया या तिन्ही देशांचं आगमन पत्र ऑनलाइन भरायचं असतं, पोचण्याच्या तीन दिवस आत. तिन्ही फुकट आहेत; पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी पानावर खात्री करावी. व्हिएतनामच्या ई-व्हिसात मराठी माणसाची हमखास चूक होते ती नावाची. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. अर्जात ते गाळलं तर व्हिसा पासपोर्टाशी जुळत नाही आणि २५ डॉलर पुन्हा भरून नवा अर्ज करावा लागतो. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन ओळी यंत्रासाठी छापलेल्या असतात, त्यात जसं आहे तसं नाव लिहावं. आणि विमान मुंबईहून असेल तर पुण्यातून उड्डाणाच्या आठ तास आधी निघावं. शुक्रवारी संध्याकाळी किंवा पावसाळ्यात घाटात दोन तास सहज जातात.

दिवाळीच्या सुट्टीसाठी मी हनोईचं नाव सगळ्यात आधी घेईन. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे ऊन कोवळं आणि हवा कोरडी असते. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र सतत भुरभूर पाऊस आणि बोचरा गारवा. हनोईची चूल सगळ्यात शिस्तीची. सकाळी सहा ते नऊ फो, अकरा ते दोन 'बुन चा'. फुटपाथवर कोळशाच्या शेगडीवर डुकराच्या मांसाच्या चपट्या टिक्क्या भाजल्या जातात, पंख्याने धूर थेट रस्त्यावर येतो आणि त्या वासावरूनच दुकान सापडतं. संध्याकाळी पाचला बुन चा शोधलात तर पर्यटकांसाठी उघडं ठेवलेलं दुकान मिळेल, चांगलं मिळेलच असं नाही. हो ची मिन्ह यांचं स्मारक फक्त सकाळी, आणि सोमवारी व शुक्रवारी बंद. म्हणजे फो खाऊन थेट तिकडे. दुपारी साहित्य मंदिर, १०७० मध्ये बांधलेलं, तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा आहेत आणि त्यांवर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं. परीक्षांच्या दिवसांत पुण्यातली मुलं गणपतीला जातात, तशीच तिथली मुलं इथे येतात. होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र वाहनांना बंद असतात, तेव्हा मुक्कामात शनिवार-रविवार धरावा. एरवी रस्ता ओलांडताना एकाच संथ चालीने चालत राहावं, मध्येच थांबू किंवा पळू नये. दुचाकीवाले आपली चाल पाहून वाट काढतात, चाल बदलली की त्यांचा अंदाज चुकतो.

व्हिएतनामी भाषेत शाकाहाराला 'चाय' म्हणतात आणि चहाला 'चा'. 'तोय आन चाय', म्हणजे मी शाकाहारी आहे. 'कोम चाय' पाटी दिसली की निर्धास्त आत जावं. त्याखेरीज 'बुन दाऊ' हा ताटभर प्रकार मागता येतो: तळलेला टोफू, दाबलेल्या शेवयांचे चौकोन, तुळशीसारखी सुगंधी पानं. सोबत वाटीत येणारा 'माम तोम', म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा जांभळा सॉस, वेगळा असतो. तो नको म्हणून 'सी झाऊ' मागितला की सोया सॉस येतो. कढई मात्र कधी कधी सामाईक असते.

पैसे देताना निळ्या नोटांकडे लक्ष असावं. २० हजार दोंगची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसर, संध्याकाळच्या दिव्यात सारख्याच दिसतात. ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

आणि दुपारी चारला 'का फे च्युंग', अंड्याची कॉफी. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना हनोईतल्या एका मोठ्या हॉटेलात काम करणाऱ्या ग्यांग नावाच्या माणसाने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून हा प्रकार काढला. बलक, साखर आणि कंडेन्स्ड मिल्क इतकं फेटतात की श्रीखंडाच्या वरचा मऊ थर वाटावा, आणि तो कडक कॉफीवर तरंगतो. पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. आधी चमच्याने वरचा थर दोन-तीन वेळा खावा, मग ढवळून प्यावं, आणि वाटीतलं पाणी कोमट व्हायच्या आत संपवावं. गार झाली की अंड्याचा वास वर येतो.